बरोबरच्या चिन्हापुढची कोरी जागा

प्रति,
सौ. यमुनाताई, मुक्काम भिवापूर.

अर्जदार : तुझा धाकटा भाऊ, वय एकोणचाळीस, धंदा अर्जलेखन, बैठक नागपुरात कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली, टेबल व टंकयंत्र स्वतःचे.

घटनेचे ठिकाण : आपल्या जुन्या घरातील बाबांच्या मागाची खोली.

घटनेचा दिवस : नक्की तारीख नमूद करता येत नाही. साल एकोणीसशे त्रेसष्ट. पोळा होऊन गेला होता आणि संत्री अजून बाजारात आली नव्हती.

साक्षीदार : एक, सदर खोलीचे सागवानी दार. दोन, माय, जिला आता कमी ऐकू येते. तीन, बाबा, जे हयात नाहीत, परंतु ज्यांचा अंगठा कागदावर आहे.

विषय : तुझे शाळेच्या पटावरून कमी केलेले नाव, व दारावर अर्धी राहिलेली एक वजाबाकी.

यातले बहुतेक सगळे तुला ठाऊक आहे. तरीही लिहितो, कारण अर्ज वाचणारा परका आहे असे धरूनच अर्ज लिहायचा असतो. कामठीपासून खापरखेड्यापर्यंतची माणसे माझ्या टेबलाशी येतात, त्यांना मी हेच सांगतो. त्यांच्या रागाला आणि रडण्याला मी परिच्छेद पाडून देतो. एवढ्या वर्षांत माझ्या हातचा एकही कागद ‘मजकूर अस्पष्ट’ या शेऱ्याने परत आलेला नाही, हे येथे नमूद करणे गैर होणार नाही. मात्र तुला ‘आपण’ असे संबोधण्याचा प्रयत्न मी तीनदा केला आणि तिन्ही कागद फाडले. म्हणून मथळ्यापुरता रिवाज पाळला आहे. पुढे तू.

मागणी आधीच सांगतो. बाहेरून दहावीला बसण्याचा फॉर्म या अर्जासोबत जोडला आहे. तो तुझ्या नावाचा आहे. परीक्षेला बसण्याची तुझी इच्छा आहे की नाही, हे तू स्वतः कळवावेस, एवढेच मागणे आहे. ते तेवीस वर्षे उशिरा का मागतो आहे, हे सांगण्यासाठी मला दारापासून सुरुवात करावी लागेल.

गेल्या महिन्यात मागाची खोली रिकामी केली. बाबांचा माग उकलला, त्याची लाकडे माणसे खांद्यावर घालून घेऊन गेली. ज्या खड्ड्यात पाय सोडून बाबा जन्मभर बसले, त्यात मुरूम भरला. खोली एवढी लहान होती हे मला तेव्हा कळले. दाराच्या आतल्या बाजूला एकाच खिळ्यावर कितीतरी सालांची कॅलेंडरे एकावर एक टांगलेली होती. माय एकही काढू देत नसे. त्यांवर देव आहेत, म्हणे. मी ती सगळी एकदम उचलली. खाली धूळ नव्हती. खाली तुझे अक्षर होते.

सूत रंगवून उरलेला किरमिजी रंग, त्यात बुडवलेली बाभळीची काडी, आणि सागवान. खडू पुसला जातो म्हणून तू रंगाने लिहायचीस आणि बाबा ओरडायचे, “दार आहे का पाटी आहे वं ते?” बाबा गेले, पाटी फुटली, रंग राहिला. एका अपूर्णांकाच्या डोक्यावर पाच, खाली क्ष वजा दोन. दुसऱ्याच्या डोक्यावर तीन, खाली क्ष अधिक दोन. दोघांच्या मध्ये वजाबाकीची एक आडवी रेघ, तुझ्या सवयीप्रमाणे जरा लांबच. पुढे बरोबरचे चिन्ह. त्याच्यापुढे काही नाही.

मी दाराला नाक लावले. या वयाच्या माणसाने करावे असे ते कृत्य नव्हे, पण खोलीत कोणी नव्हते. लाकडातून खळीचा वास आला. तांदळाच्या पेजेत भिजलेले सूत उन्हात वाळताना जो आंबूस, गोडसर, उपाशी माणसालाही भूक न लावणारा वास येतो, तोच तो. मग मला आवाज ऐकू येऊ लागले.

पहिला आवाज धोट्याचा. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, आणि मध्ये फणीचा ठोका. त्या ठोक्यावर आपले घर चालायचे. पोळी तव्यावर त्याच ठोक्यावर उलटायची. तू दाराशी चरख्यावर बसून कांड्या भरायचीस, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायचीस. मी उंबऱ्यावर पुस्तक धरून मोठ्याने वाचायचो. आपल्या दोघांत पुस्तक एकच होते. तुला शाळेत एक वर्ष उशिरा घातल्यामुळे इयत्ताही एकच होती. तू मुलींच्या शाळेत, मी मुलांच्या. तुझे हात सुतात गुंतलेले, म्हणून डोळे माझे आणि डोके तुझे, अशी वाटणी होती. ती वाटणी मला तेव्हा बरोबरीची वाटत असे.

बाबांचे एक लुगडे तुला आठवत असेल. काठावर दर सहा धाग्यांनी फूल यायचे आणि अंगावर दर आठ धाग्यांनी बुट्टी. दोन्ही एका ओळीत आली की बाबा फणीच्या दांड्यावर बोटाने दोनदा टकटक करायचे. कोणासाठी, ते कोणी विचारले नाही. तू मान वर न करता म्हणायचीस, “आली चोवीसची ओळ.”

“तुले न पाहता कसं समजते वं?” बाबा विचारायचे.

“लसावि आहे बाबा.”

“ते काय असते?”

“तुम्ही करता ते.”

बाबा हसायचे. त्यांना आपण काही मोठे करतो आहोत हे पहिल्यांदा कोणी सांगितले होते. त्यानंतर चोविसाव्या ओळीला ती टकटक जरा जोराने होऊ लागली.

त्याच लुगड्यावर तू मला छेद सारखे करायला शिकवलेस. काठ सहाने चालतो, अंग आठने चालते. दोघे आपापल्या मापाने चालले आहेत तोवर एकातून दुसरे काढता येत नाही. आधी दोघांना एका ओळीत आणावे लागते. हे मला समजले. पण क्ष आला की मी तिथेच अडायचो. तू म्हणालीस, “इथं दोघांचं काहीच जमत नाही. म्हणून ह्यानं त्याचा छेद घ्यायचा, त्यानं ह्याचा घ्यायचा. दोघंही थोडे थोडे वाढतात, मग बोलता येते.” असे समजावणारे मास्तर मला नंतर मिळाले नाहीत.

चूक माझी नेहमीची होती. छेद सारखे करायचो. वर पाच गुणिले कंसात क्ष अधिक दोन, वजा तीन गुणिले कंसात क्ष वजा दोन, इथवर नीट यायचो. मग दुसरा कंस सोडताना तीन क्षला वजा लावायचो आणि मागच्या सहाचे चिन्ह तसेच ठेवायचो. तिथे अधिक सहा व्हायला हवे; मी वजा सहा लिहायचो. आणि ताई, ही चूक मोठी मायावी आहे. ती केली की वरचे सगळे सुरेख जुळते, वरखाली एकसारखे निघते, कटते, आणि उरते काय, तर दोन भागिले क्ष वजा दोन. स्वच्छ. आटोपशीर. बरोबर उत्तर मात्र ओबडधोबड. वर दोन क्ष अधिक सोळा, खाली क्षवर्ग वजा चार. कुठे काही कटत नाही, कशाला काही जुळत नाही.

“काहून गा, हा सहा तसाच काहून राहिला?” तू चरखा थांबवून विचारलेस. “वजाबाकी दाराशी आली म्हणजे घरात जितके असतील तितक्यांले भेटूनच जाते. तू पहिल्याले भेटवतं अन् मागच्याले विसरून जातं.”

“पण पाह्य न ताई, कसं छान कटून राहिलं! देखणं उत्तर आहे.”

“देखणं आहे म्हणून खरं आहे काय? तू गणित करून राहिला का नवरी पाहून राहिला? ताळा घे.”

ताळा घेणे तुझा नियम होता. क्षच्या जागी तीन ठेवायचे. पहिला अपूर्णांक पाच झाला, दुसरा तीन पंचमांश.

“पाचातून एकापेक्षा कमी काढलं,” तू बोटे नाचवत म्हणालीस, “म्हणजे चाराच्या वर उरले पाहिजेत. तुह्या देखण्या उत्तरात दोनच. बाकीचे कोणी खाल्ले?”

“मायनं खाल्ले असतील,” बाबा मागावरून म्हणाले.

“माह्यावर काहून येता जी?” चुलीपासून मायचा आवाज. “तुमच्या घरात खायाले उरते काय कधी?”

त्या वर्षी पोळ्याच्या पाडव्याला आपण मारबतीची मिरवणूक पाहायला गेलो होतो. गर्दी, ढोल, मारबतीचा पिवळा पुतळा डोलत पुढे, आणि लोक आपापल्या इडापीडा तिच्या नावाने ओरडून लावीत होते. कोणी खोकला, कोणी ढेकूण, कोणी महागाई. तू टाचा उंचावून, दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडलीस, “माह्या भावाची चुकलेली चिन्हं घेऊन जाय वं मारबत!” शेजारची म्हातारी तुझ्याकडे वळून बघू लागली. मी लाजलो. तुझी वेणी सुटली होती, कपाळावर घाम होता, आणि हातांचे तळवे किरमिजी होते. तो तुझा चेहरा माझ्याकडे शाबूत आहे. त्यानंतर काही आठवड्यांनीच ती दुपार आली.

बाबा त्या दिवशी माग थांबवून बसले होते. दिवसाढवळ्या माग थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला. तुझी शाळा बंद करायचे का ठरले, कोणी ठरवले, हे मी येथे लिहीत नाही. कारणे रकान्यात बसतात. ती शांतता बसत नाही. माशीच्या पंखांचा आवाज येत होता. बाबांनी मला हाक मारली.

“तुहं अक्षर चांगलं आहे. पोरीच्या शाळेच्या बाईले लिही. तिचं नाव काढा म्हणा.”

“कारण लिहावं लागते बाबा.”

ते बराच वेळ धोट्याला अंगठा घासत राहिले. मग म्हणाले, “तुले जे शोभून दिसते ते लिही.”

मी वहीचे मधले पान फाडले, जोडपान, म्हणजे कागद भारदस्त वाटतो. समास सोडला. ‘सविनय अर्ज करण्यात येतो की,’ असे आयुष्यात प्रथम लिहिले आणि माझ्या अंगावर शहारा आला. ते शब्द मी माझ्या शाळेच्या फलकावरच्या एका सूचनेत पाहून ठेवले होते. नंतर कारण आले. घरातले खरे काही लिहिले असते तर ते ओबडधोबड झाले असते. त्याला तीन वाक्ये लागली असती, आणि एकही दुसऱ्याशी जुळले नसते. मी लिहिले : ‘माझी कन्या कुमारी यमुना हिची पुढे शिकण्याची स्वतःची इच्छा नसल्याने तिचे नाव पटावरून कमी करण्यात यावे.’ एका ओळीत सगळे कटले. स्वच्छ. आटोपशीर. बाबांनी शाईत अंगठा बुडवून खाली टेकवला.

तू हौदावरून आलीस. कोपरापर्यंत हात ओले, खळीचे. तू कागदाला हात लावला नाहीस, वाकून वाचलास. मी काय विचारले हे मला आजही आठवते, आणि ते आठवू नये म्हणून मी अनेक लोकांचे अनेक अर्ज लिहिले आहेत. मी विचारले, “मजकूर कसा झाला ताई?”

तू म्हणालीस, “देखणा झाला.”

मग सरळ उभी राहून, हात पुसत, अगदी शिकवण्याच्या आवाजात म्हणालीस, “अंगठा बाबांचा, अक्षर तुहं, अन् इच्छा माही म्हणते. तिघांचे छेद तीन. सारखे केल्याबिगर वजाबाकी केली न गा तू.”

बाबांना ते कळले नसावे. किंवा कळले असावे, कारण त्यांनी लगेच माग सुरू केला. तू रंगाच्या घमेल्यात काडी बुडवलीस, दाराशी गेलीस, आणि माझ्या परीक्षेसाठी म्हणून ते गणित लिहिलेस. बरोबरच्या चिन्हापाशी थांबलीस. “पुढचं तू भर,” म्हणालीस, आणि हौदावर जाऊन हात धुतलेस. नालीतून पाणी किरमिजी वाहत गेले. आत ठोके चालू होते. मी नकळत मोजत होतो. चोविसावी ओळ आली आणि गेली. टकटक झाली नाही. त्या दिवसापासून ती बंदच झाली.

मुलींच्या शाळेत मुलगे जाऊ शकत नसत, म्हणून तो कागद तूच नेलास. परत आल्यावर मला म्हणालीस, “बाईंनी विचारलं, अक्षर कोणाचं आहे म्हणून. लय छान आहे म्हणे.” मी फुललो. एवढे सांगून तू चरख्यावर बसलीस. बाईंनी आणखी काही विचारले का? ‘तुझी खरंच इच्छा नाही का?’ असे विचारले का? आणि तू काय सांगितलेस? हे मी तेव्हा विचारले नाही. पुढे तुझे लग्न झाले, तू भिवापूरला गेलीस, मी गणितात तीनदा नापास झालो, मॅट्रिक राहून गेले. अक्षर मात्र राहिले, त्यावर मी संसार उभा केला. ज्या एका वाक्याने माझा धंदा सुरू झाला, ते वाक्य खोटे होते. मी त्याचा ताळा घेतला नव्हता.

आता अलीकडचे. यंदा मिरची तोडणीच्या दिवसांत मी तुझ्याकडे आलो होतो. अंगणभर लाल वाळवण, त्यावर उन्हाची वाफ, आणि माझ्या शिंका थांबेनात. तू घमेले पुढ्यात घेऊन मिरच्यांचे देठ खुडत होतीस. तळवे तसेच लाल. तुझी लेक ओसरीवर गणिताची वही घेऊन बसली होती आणि रडकुंडीला आली होती.

“माय, उत्तर मागच्या पानाशी जुळून नाही राहिलं.”

“वाचून दाखव.”

तिने वाचले. अपूर्णांक दोन, छेद वेगळे, मध्ये वजा. तू मिरचीवरून नजर न काढता म्हणालीस, “दुसरा कंस सोडताना मागचं चिन्ह बदललं नाही तू. तुह्या मामासारखं केलं.”

पोरगी खोडून हसू लागली. भाऊजी पोत्याला सुतळी मारत होते. ते म्हणाले, “साळे साहेब, हिलेच बसवा न दहावीले. पोरीपेक्षा ही पास होईल.”

“तुम्हाले चालेल काय?” मी विचारले.

“मले काय विचारता? मी काय अडवून राहिलो? तिले विचारा.”

मी तुला विचारले नाही. मला शिंका येत होत्या असे मी स्वतःला सांगितले. तू एक देठ खुडलास, मिरची उन्हाकडे धरून बघितलीस आणि ढिगात टाकलीस. तिले विचारा, हे दोन शब्द एसटीत उमरेडपर्यंत माझ्या कानात वाजत होते, आणि उमरेडनंतरही. आपल्या घरात ते कोणीही उच्चारले नव्हते. त्यानंतर काही दिवसांनी मी ती कॅलेंडरे उचलली.

दार मी विकलेले नाही. ते माझ्या बैठकीमागे कचेरीच्या आवारभिंतीला टेकवून ठेवले आहे. गिऱ्हाइके विचारतात, हे काय लिहिले आहे, कुठल्या खटल्याचे? मी म्हणतो, चालू आहे. दुपारी काम नसते तेव्हा कोऱ्या कागदावर मी ते गणित सोडवतो. पहिल्या दिवशी, तुला खरे सांगतो, दोन भागिले क्ष वजा दोन हेच आले. हात त्याच वाटेने गेला. मग क्षच्या जागी तीन ठेवले. पाचातून एकापेक्षा कमी काढले होते आणि हातात दोनच होते. मी परत दाराशी गेलो, दुसऱ्या कंसात शिरलो, आणि मागे उभ्या असलेल्या त्या सहाला भेटलो. वर दोन क्ष अधिक सोळा, खाली क्षवर्ग वजा चार. ओबडधोबड. ताळा घेतला. चार आणि दोन पंचमांश, दोन्हीकडून. जुळले. दारावर मात्र लिहिलेले नाही. ती जागा तू तपासल्याशिवाय भरण्याचा मला अधिकार नाही.

सबब विनंती अशी :

सोबतच्या फॉर्मात तुझे नाव, जन्मगाव, पूर्वीची शाळा हे सर्व मी भरले आहे. माझ्या परीने हे सर्वोत्तम अक्षर आहे. भाऊजींची ना नाही. माय म्हणते, आता काय करते शिकून. पण तिला कमी ऐकू येते, तेव्हा तिचे म्हणणे थोडे कमी धरावे. फॉर्मात इच्छेचा रकाना नाही, सरकारला तो लागत नाही. म्हणून या अर्जाच्या तळाशी रूळ धरून एक रेघ मी स्वतः आखली आहे आणि ती कोरी ठेवली आहे.

तू ‘होय’ लिहिलेस तर मी पुस्तके घेऊन पहिल्या गाडीने भिवापूरला येईन. वाचून दाखवायला डोळे अजून चांगले आहेत. तू ‘नाही’ लिहिलेस तरी मी तो कागद जपून ठेवीन, कारण ते तुझे पहिले ‘नाही’ असेल. त्रेसष्ट सालचे माझे होते. आणि जमल्यास, त्या दिवशी मुलींच्या शाळेत बाईंनी तुला काय विचारले आणि तू काय सांगितलेस, तेही एका ओळीत लिहावे. ओळ देखणी नसली तरी चालेल.

उत्तर सवडीने द्यावे, परंतु ते तुझ्या हातचे असावे. या प्रकरणी माझ्या अक्षरातील कोणतेही उत्तर यापुढे ग्राह्य धरू नये.

अर्जदार,
तुझा भाऊ

येथे लिहावे : ______________________